क्लेअरच्या कुळांना मत मिळालं नाही, होतं तेही गेलं

आयर्लंडमधल्या कॅथलिकांचा नेता डॅनियल ओकॉनेल याच्या जन्माला 2025 मध्ये अडीचशे वर्षं झाली. त्या निमित्ताने एक मजकूर हातोहात फिरला. तो थोडक्यात असा: "आयर्लंडमधल्या क्लेअर नावाच्या खेड्यात 1828 साली गरीब कॅथलिक शेतकऱ्यांनी आयुष्यात पहिल्यांदा मत दिलं. कॅथलिकद्वेष्ट्या प्रोटेस्टंट जमीनदाराला पाडून त्यांनी ओकॉनेलला संसदेत पाठवलं. तो पहिला कॅथलिक खासदार ठरला. इंग्रजांना झुकावं लागलं, गरिबाला मताचा हक्क मिळाला आणि जमीनदारांची सद्दी संपली. याच मतदारसंघाने 1917 मध्ये आयर्लंडच्या स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या शिन फेन पक्षाला पहिला विजय मिळवून दिला."

वाचताना ऊर भरून येतो खरा. पण यातली जवळपास प्रत्येक ओळ चुकीची आहे, आणि मताच्या हक्काची तर चक्क उलटी.

क्लेअर हे खेडं नाही, अख्खी काउंटी आहे. आपल्या भाषेत जिल्हा म्हणा. पश्चिम किनाऱ्यावर, दक्षिणेला शॅनन नदी आणि उत्तरेला गॉलवेचा उपसागर. 1801 पासून लंडनच्या संसदेत, म्हणजे वेस्टमिन्स्टरमध्ये, या काउंटीचे दोन खासदार असत. 1828 ची पोटनिवडणूक त्यातल्या एकाच जागेसाठी होती. दुसऱ्या जागेवर ड्रोमोलंडच्या जमीनदार घराण्यातले ल्युशियस ओब्रायन होते आणि ते 1830 पर्यंत तिथेच राहिले. म्हणजे क्रांतीच्या त्या उन्हाळ्यातही क्लेअरची अर्धी खासदारकी वाड्यावरच होती.

"पहिल्यांदा मत दिलं" हे तर मुळीच खरं नाही. कॅथलिकांना मताचा हक्क 1793 मध्येच, तोही डब्लिनच्या आयरिश पार्लमेंटने दिला होता. अट होती चाळीस शिलिंगांची, म्हणजे दोन पौंडांची. ज्याच्याकडे हयातीच्या पट्ट्याने जमीन आहे आणि खंड वजा जाता तिची किंमत वर्षाला चाळीस शिलिंग भरते, अशी शपथ जो घेईल तो मतदार. हे हयातीचे पट्टे मजेशीर असत. पट्ट्यात दोन-तीन माणसांची नावं घालायची आणि त्यातलं शेवटचं माणूस मरेपर्यंत जमीन कुळाकडे. जमीनदारांनी असे पट्टे धडाधड वाटले. कुळाचा कळवळा आला म्हणून नव्हे. जितकी कुळं तितकी मतं आणि जितकी मतं तितकं लंडनमध्ये वजन, हा साधा हिशेब होता.

मतदान गुप्त नव्हतं. शेतकरी क्लेअरचं मुख्य गाव असलेल्या एनिसच्या कोर्टात चढायचा, स्वतःचं नाव आणि जमीन सांगायचा आणि सगळ्यांदेखत उमेदवाराचं नाव मोठ्याने घ्यायचा. ते ऐकायला जमीनदाराचा कारभारी हजर असायचा. त्यात सहा महिन्यांचा खंड कायम मागे ठेवायची आयर्लंडमध्ये सर्रास रीत होती. एरवी ती सवलत वाटे. पण तोंडातून भलतंच नाव गेलं की तीच थकबाकी वसुलीला निघायची. पस्तीस वर्षं क्लेअरचे शेतकरी मत देत आले होते, ते असे.

1828 मध्ये वेगळं घडलं ते हे की, त्यांनी मालकाला न जुमानता मत दिलं. आणि तेही पहिल्यांदा नव्हे. दोन वर्षं आधी, 1826 मध्ये वॉटरफर्ड काउंटीच्या कुळांनी बेरेसफर्ड या जमीनदार घराण्याचा उमेदवार पाडला होता. क्लेअरवाल्यांनी त्या वाटेवर पाऊल टाकलं. पण त्या पावलाचं मोल मी कमी करणार नाही. किलरशच्या बाजूची माणसं चाळीसेक किलोमीटर तुडवून एनिसला येत, पाळी येईपर्यंत तिथेच राहत, आणि धर्मगुरूंनी मनाई केली म्हणून व्हिस्कीला शिवत नसत. निवडणूक आणि दारूबंदी एकत्र नांदल्याचं उदाहरण इतिहासात फार नसावं. 30 जूनला नावं पुढे आली, 5 जुलैला मोजणी संपली. ओकॉनेलला 2,057 मतं, प्रतिस्पर्ध्याला 982.

हा प्रतिस्पर्धी म्हणजे मजकुरातला खलनायक, विल्यम व्हेसी-फिट्झजेरल्ड. जमीनदार होता, प्रोटेस्टंट होता, पण कॅथलिकद्वेष्टा नव्हता. कॅथलिकांना संसदेत बसू द्यावं याच बाजूचा तो होता. मग निवडणूक का लागली? त्याला पंतप्रधान वेलिंग्टनच्या मंत्रिमंडळात व्यापार खात्याचं पद मिळालं, आणि मंत्रिपद घेतलं की पुन्हा निवडून यायचं असा तेव्हाचा नियम होता. राग होता तो सरकारवर. फिट्झजेरल्ड हा सरकारचा जवळ सापडलेला माणूस. उलट बाजूला पाहा. ओकॉनेल क्लेअरचा नव्हे, शेजारच्या केरीचा. त्याच्या नावाला अनुमोदन देणारा टॉम स्टील स्वतः प्रोटेस्टंट जमीनदार. आपली कुळं फोडली म्हणून कुणा जमीनदाराला राग आला असेल तर मी द्वंद्वाला तयार आहे, असं जाहीर करून बसलेला! चांगले विरुद्ध वाईट अशी सरळ दोन टोकं या निवडणुकीत सापडत नाहीत.

ओकॉनेल "पहिला कॅथलिक खासदार" का नाही, याचं उत्तर एका शपथेत आहे. कॅथलिकाने निवडणुकीला उभं राहू नये असा कायदा नव्हता. अडचण सभागृहात शिरल्यावर होती. तिथल्या शपथेत पोपचा अधिकार नाकारावा लागे आणि कॅथलिकांची प्रार्थना ही मूर्तिपूजा आहे असं म्हणावं लागे. म्हणून जिंकूनही ओकॉनेल बाहेरच राहिला. क्लेअरसारखं इतर काउंट्यांतही होईल या धास्तीने वेलिंग्टन आणि त्याचा गृहमंत्री पील यांनी माघार घेतली, आणि 13 एप्रिल 1829 रोजी कॅथलिकांना संसद खुली करणारा कायदा झाला. एवढ्यापुरता मजकूर खरा आहे. पण नवी शपथ फक्त कायद्यानंतर निवडून येणाऱ्यांसाठी ठेवली होती. मे महिन्यात ओकॉनेल लंडनला गेला तेव्हा त्याच्यापुढे जुनीच शपथ ठेवली गेली. त्याने ती नाकारली आणि सभागृहाने त्याला परत क्लेअरला धाडलं. दरम्यान इंग्लंडमधल्या हॉर्शममधून निवडून आलेला कॅथलिक अर्ल ऑफ सरे नवी शपथ घेऊन बाकावर बसलासुद्धा. ओकॉनेलची पाळी आली 1830 च्या फेब्रुवारीत.

जमीनदारांची सद्दीही संपली नाही. 22 जुलै 1852 रोजी याच मतदारसंघात, सिक्समाइलब्रिज गावी, जमीनदाराच्या बाजूने मत द्यायला निघालेल्या कुळांना सैनिकांच्या पहाऱ्यात नेत होते. जमावाशी झटापट झाली, सैनिकांनी गोळ्या चालवल्या आणि सहा जण जागीच मेले. गुप्त मतदान आलं ते 1872 मध्ये.

1917 चा मुद्दा दोन ओळींत संपतो. क्लेअरचा जुना मतदारसंघ 1885 मध्येच मोडून त्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन झाले होते. शिन फेनचा डी व्हॅलेरा 10 जुलै 1917 ला निवडून आला तो पूर्व क्लेअरमधून, तिथला खासदार विली रेडमंड पहिल्या महायुद्धात मारला गेला म्हणून. त्याआधी त्याच वर्षी शिन फेनच्या बाजूने उत्तर रॉसकॉमन आणि दक्षिण लाँगफर्डच्या जागा जिंकून झाल्या होत्या.

आता राहिला गरिबाच्या मताचा हक्क. 13 एप्रिल 1829 ला राजाची मोहोर एका नव्हे, दोन कायद्यांवर उमटली. पहिला वर सांगितला तो. दुसऱ्याने आयर्लंडमधल्या काउंट्यांची मतदाराची पात्रता चाळीस शिलिंगांवरून थेट दहा पौंडांवर नेली, म्हणजे पाचपट. दोन लाखांहून अधिक मतदार होते ते चाळीस हजारांच्या आत आले. सरकारचा हेतू लपलेला नव्हता: जी कुळं मालकाचं ऐकत नाहीत, त्यांच्या हातात मत कशाला? शिकलेले, पैसेवाले कॅथलिक संसदेत, न्यायासनावर, मोठ्या हुद्द्यांवर जाऊ शकले. ज्यांच्या पायपिटीने हे दार उघडलं ते मतदार यादीतूनच बाहेर गेले. ओकॉनेलने निषेध केला, पण निकराने लढला नाही. कॅथलिकांना संसद द्या, बदल्यात गरिबांचं मत घ्या, अशा सौद्याला 1825 मध्ये त्याने एकदा होकारही दिला होता.

30 जुलै 1829 रोजी एनिसमध्ये त्याची फेरनिवड झाली, बिनविरोध. समोर कुणी उभंच नव्हतं, त्यामुळे मतदान झालं नाही. झालं असतं तरी आदल्या वर्षी चालत आलेल्यांपैकी बहुतेकांना त्या कोर्टात आपलं नाव सांगता आलं नसतं.