आईचा ताप आणि पोटातलं बाळ : एका प्रतिक्रियेला उत्तर

ताई, गरोदरपणात आईला झालेल्या आजाराचा आणि ताणाचा परिणाम पोटातल्या बाळावर पुढेही दिसू शकतो, असा लेख मी लिहिला होता. त्यावर “गरोदर बायकांना घाबरवू नका, उंदरांचे प्रयोग माणसांना लावू नका, माझ्या वेळी आईला टायफॉइड झाला होता, तरी मी ठणठणीत आहे,” असं तुम्ही लिहिलंत. राग समजतो. मुलाला जरा काही झालं की “तेव्हा काय खाल्लं होतंस?” हे आपल्याकडे आईलाच ऐकावं लागतं.

पण गरोदर बाईला मुद्दाम आजारी पाडून तर कुणी बघणार नाही! माणसांत मागच्या नोंदीच चाळाव्या लागतात. फिनलंडमधल्या हेलसिंकीत १९५७ साली फ्लूची साथ आली. त्या वेळी दुसऱ्या तिमाहीत पोटात असलेल्यांत पुढे स्किझोफ्रेनिया या गंभीर मानसिक आजाराचं निदान जास्त आढळलं, असा निष्कर्ष १९८८ साली आला. नंतरच्या अभ्यासांत हे कधी दिसलं, कधी नाही. मुळात कोणाच्या आईला खरंच फ्लू झाला होता, हे त्या हेलसिंकीच्या अभ्यासात तपासलेलंच नव्हतं. इथे तुमची शंका रास्त आहे.

उंदरांत मात्र एकेक धागा सुटा करता येतो. २००७ साली अमेरिकेतल्या कॅलटेक या संशोधनसंस्थेतल्या पॉल पॅटरसन यांच्या गटाने गाभण उंदरांना जंतू दिलेच नाहीत. इंटरल्यूकिन-६ हे प्रतिकारयंत्रणेचं संदेशद्रव्य एकदाच टोचलं, तरी पिल्लांचं वागणं बदललं. म्हणजे जंतू बाळापर्यंत पोचायलाच हवा असं नाही.

आणि लेखातला २०२१ चा प्रयोग तर तुम्ही गाळलातच. गाभण उंदरांना येर्सिनिया या जिवाणूचा सौम्य संसर्ग दिला, तो आईपुरताच राहिला आणि बराही झाला. पिल्लांच्या आतड्यात टीएच-१७ नावाच्या प्रतिकारपेशी वाढल्या. ती पिल्लं साल्मोनेला या आतड्याच्या जिवाणूला जास्त नेटाने तोंड देत होती. पण त्यांच्या आतड्याला सूजही लवकर धरत होती. यात नुसतं नुकसान कुठे आहे? (टायफॉइडचा जंतू साल्मोनेलाच, पण म्हणून तुमच्या तब्येतीचं श्रेय त्या तापाला देऊ नका!)

ताणाबद्दल मी हात राखूनच लिहिलं होतं. आजारपणात आईचं कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक वाढतं, पण वारेतलं एक एन्झाइम त्यातलं बरंचसं निष्क्रिय करतं. पिल्लांच्या ताण-प्रतिसादाचे निकाल प्रयोगागणिक बदलतात. एकाच जातीचे उंदीर दोन पुरवठादारांकडून आणले, तर आईच्या आतड्यातल्या जिवाणूंमुळेही निकाल फिरतो.

तुमच्या आईंच्या टायफॉइडचं म्हणाल तर धोका वाढतो म्हणजे प्रत्येकाला त्रास होतोच असं नाही. बहुतेक मुलं तुमच्यासारखीच ठणठणीत असतात. लेखात मी “ताप अंगावर काढू नका, डॉक्टरांना दाखवा” असं लिहिलं होतं. ते वाक्य काही मी काढणार नाही.