झोपली व्हय?

बाळाला विमान झोपवतं आणि माणसं उठवतात, हे माझं ठाम मत झालंय. कोल्हापूर ते हैदराबाद म्हणजे बसलं की उतरलंच, असं लोक सांगतात. त्यांच्या मांडीवर दहा महिन्यांची पोर नसते.

निघायच्या आधी घरोघरचे सल्ले आले. सासूबाई म्हणाल्या, "सुती साडी घे बरोबर, वर कुठंतरी झोळी बांध. एस्टीत आम्ही बांधायचो." शेजारच्या काकूंनी टाळूवर तेल थापायला सांगितलं. ह्यांच्या मित्रानं तर सर्दीचं औषध पाजायचा तोडगा काढला, "गप पडतंय बघा वहिनी!" डॉक्टरांनी मात्र डोळे वटारले. असल्या औषधानं काही पोरं पेंगायची सोडून उलट चेकाळतात, शिवाय श्वासालाही धोका. आमच्या बाईसाहेबांना चेकाळायला औषध लागत नाही, त्यामुळे तो विषय तिथंच मिटला.

पाळण्याची आशाही सुटली. समोरच्या भिंतीला अडकवायचा पाळणा मोठ्या, लांब पल्ल्याच्या विमानांत असतो. कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळावरून आमचं उडणार होतं ते पंख्याचं, सत्तरेक सीटांचं एटीआर. मांडीवरच्या पोराला स्वतःची सीट नाही. आईच्या पट्ट्यात छोटा पट्टा ओवायचा आणि आईनंच खुर्ची व्हायचं.

पण पंखे फिरायला लागले आणि कमाल झाली. आमची सीट पंख्याजवळची. ती एकसुरी घरघर सीटमधून थेट पाठीत उतरते. मोठ्यांदा रडणारी चिऊ आधी हुंदक्यावर आली, मग नुसत्या अंगठ्यावर. उजवी पापणी मिटली. डावी अर्धी. मी श्वाससुद्धा हप्त्याहप्त्यानं घेत होते.

तेवढ्यात पलीकडचे काका वाकले. "काय ओ ताई, झोपली व्हय?"

डावी पापणी टक्क उघडी! काकांनी भरपाई म्हणून तिच्याशीच गप्पा सुरू केल्या. १९३९ साली राजाराम महाराजांनी कोल्हापुरात विमानतळ उभारला, तेव्हा बाकीची गावं बैलगाडीत होती वगैरे. चिऊनं सगळं कान देऊन ऐकलं. इतिहासाच्या तासाला मी हमखास झोपायचे. हे पोर बापावर गेलंय.

पुढं खाण्याची गाडी कोपराला घासून गेली. कप्तान इंग्रजीतून बोलला, मग तेच हिंदीतून. आणि अखेर ती झोपली. खरीखुरी. तोंड उघडं, लाळ माझ्या कुर्त्यावर.

त्याच क्षणी विमान उतरायला लागलं.

उतरताना आतल्या हवेचा दाब वाढतो. तान्ह्यांच्या कानापासून घशाकडं जाणारी नळी अरुंद, तो दाब पटकन सारखा होत नाही, कान ठणकतात. चोखलं, गिळलं की नळी उघडते. झोपेत पोरं गिळतात कमी. म्हणून डॉक्टरांनी बजावलं होतं, उतरताना दूध पाजा. म्हणजे एवढा खटाटोप करून झोपवलेलं पोर मीच उठवायचं! तळपायाला गुदगुल्या केल्या. तिनं जो कटाक्ष टाकला, तसा सासूबाईंनीही कधी टाकलेला नाही. पण प्यायली, आणि चाकं टेकायच्या आत परत गाढ.

मग सामान, टॅक्सी, लिफ्ट, सगळं आम्ही चवड्यांवर चालत पार पाडलं. वन्संनी दारात भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, "अगंबाई, झोपली? उठव की गं! आत्याला बघू दे तरी, डोळे कुणावर गेलेत!"