सरदाराला पुरावा नको, मजुराला हवा

आज ठाण्यात आमच्या माहेरच्या आडनावाचं कुलसंमेलन होतं. हॉल घोडबंदर रोडला, पार्किंगच्या नावाने शंख, मसालेभात छान, जिलबी गार. हे झालं. आता ज्याच्यासाठी लिहायला बसलेय ते.

कुलवृत्तांताची नवी आवृत्ती निघतेय. मंडळातले एक ज्येष्ठ माइकवर उभे राहिले आणि म्हणाले, "मॉरिशसच्या एक बाई आपल्या घराण्याशी नातं सांगतात. पण ठोस पुरावा नाही, म्हणून ती शाखा घेतलेली नाही. असं घ्यायला लागलो तर उद्या कोणीही उठेल." मागून कोणीतरी ओरडलं, "आधी विचारा तिकडे जमीन किती आहे!" अख्खा हॉल हसला. मी हात वर केला, तर "ताई, वेळ कमी आहे, जेवणानंतर बोलू." जेवणानंतर माइकची वायर गुंडाळून झाली होती.

आणि त्याच्या आधी? त्याच्या आधी चांगला अर्धा तास मूळपुरुष. पडद्यावर गलबताचं रंगीत चित्र आणि खाली, "आपले मूळपुरुष कान्होजी आंग्र्यांच्या आरमारात सरदार होते." टाळ्या. याला पुरावा काय, तर "घराण्यात परंपरेने सांगत आले आहेत." माझ्या लहानपणी हेच मूळपुरुष तांडेल, म्हणजे गलबतावरच्या खलाशांचे मुकादम होते हो! माझ्या डोळ्यांदेखत बढती झालीय त्यांची. आणखी एक आवृत्ती निघाली की आंग्रेच यांच्या पदरी होते असं छापून येईल.

त्या "मॉरिशसच्या बाई" आमच्या नौपाड्याच्या घरी येऊन गेल्यात. बाबा होते तेव्हा. दारात चपला काढून आत आली, बाबांच्या पाया पडली आणि म्हणाली, "आम्ही रत्नागिरीचे." उच्चार थोडा वेगळा, एखादा शब्द अडायचा, पण मराठी. शाळेत शिकलेलं आणि घरात ऐकलेलं. पिशवीतून प्लास्टिकची फाइल काढली. तिकडे मोका नावाच्या गावात महात्मा गांधी इन्स्टिट्यूट आहे, गिरमिटियांची, म्हणजे करारावर नेलेल्या मजुरांची, जुनी रजिस्टरं तिथे जपून ठेवलीत. तिथून तिने आपल्या पूर्वजाच्या नोंदीची नक्कल काढून आणली होती. नंबर, नाव, बापाचं नाव, वय, उंची, जात, जिल्हा, गाव, अंगावरची खूण. कपाळावर डाव्या बाजूला व्रण.

बाबांनी चष्मा वर केला, कागद नाकाजवळ नेला. साहेबाच्या कारकुनाने गावाचं नाव असं काही लिहिलं होतं की दोनदा वाचून कळेना. तिसऱ्यांदा बाबांनी ते मोठ्याने वाचलं आणि एकदम म्हणाले, "अगं, हे तर आपलंच की!" मग उठले आणि कपाटातून जुना कुलवृत्तांत काढला. त्या बापाच्या नावापुढे दोन मुलगे. थोरला म्हणजे आम्ही सगळे, आज हॉलमध्ये जिलबी खाणारे. धाकट्याच्या नावापुढे एकच शब्द, परागंदा.

ज्यांना हे गिरमिट प्रकरण माहीत नाही त्यांच्यासाठी चार ओळी. इंग्रजांच्या राज्यात गुलामगिरी कायद्याने बंद झाली, मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांना माणसं कमी पडायला लागली, मग करारावर मजूर न्यायची टूम निघाली. २ नोव्हेंबर १८३४ ला कलकत्त्याहून 'ॲटलस' जहाज ३६ जणांना घेऊन पोर्ट लुईला लागलं, आणि १९१० पर्यंत साडेचार लाखांच्या आसपास माणसं गेली. मुंबई बंदरातूनही जहाजं सुटली आणि त्यांत आपल्या कोकणातली माणसं होती. ते जिथे उतरायचे त्या आप्रवासी घाटाच्या पायऱ्या आता जागतिक वारसा आहेत, २००६ पासून. म्हणजे युनेस्कोला त्या पायऱ्यांचं मोल कळलं, आमच्या मंडळाला त्या चढून गेलेल्या माणसाचं कळत नाही.

का गेला असेल तो? खोताचा जाच असेल, घरात भांडण असेल, कोणा दलालाने थापा मारल्या असतील. पळून गेला की पळवला, देव जाणे. मागे आईने किती वर्षं वाट बघितली असेल, तेही देव जाणे.

मंडळाचा दुसरा मुद्दा, "त्यांचं आडनावच वेगळं आहे." अहो, असणारच! रजिस्टरात आडनाव नाही, माणसाचं नाव आणि बापाचं नाव एवढंच लिहिलं जायचं. तिकडे कित्येक घरांत आज्याचं पाळण्यातलं नावच पुढच्या पिढ्यांचं आडनाव होऊन बसलं. आपल्याकडे कोणाचं आडनाव 'गणू' किंवा 'राघो' असेल तर आपण हसू, तिकडे त्या नावाचे वकील आणि मास्तर आहेत. अशा माणसाला आडनावावरून शोधायला गेलात तर सात जन्म सापडणार नाही. गावावरून शोधावं लागतं. तिने तेच केलं, आणि आपण तिला आडनाव विचारतोय.

बरं, मान्य करते. नावं तीच तीच असतात, आमच्या गावात त्या काळी त्याच नावाचा दुसरा बाप-लेक असूही शकतो. आणि नुसत्या आडनावावर तर काहीच ठरत नाही. आमच्या टेंभी नाक्याला १८७९ चं सिनेगॉग आहे, तिथल्या आपल्या बेने इस्राएल मंडळींमध्ये पेणकर आहेत, रोहेकर आहेत, आणि हिंदूंतही पेणकर आहेत. गाव एक, कुळं वेगळी. हे सगळं मला कळतं. पण मग हीच गाळणी त्या सरदाराला का नाही लावली? सरदाराचा एक कागद दाखवा, एक! मोडीतला असला तरी चालेल. २०२३ पासून कुणबी नोंदींच्या निमित्ताने मोडी वाचणाऱ्यांना भाव आलाय, त्यातला कोणीतरी गाठू, वर्गणी मी काढते. आख्ख्या घराण्यात एकोणिसाव्या शतकातला, नाव-गाव-उंचीसकट कागद असलेला एकच माणूस आहे आणि तो तो व्रणवाला मजूर आहे. त्यालाच तुम्ही पुराव्याअभावी बाहेर ठेवलंत.

खरं कारण पुरावा नाहीच, ते आपल्याला सगळ्यांना माहितीय. कुली नकोय. पुस्तकाच्या मागच्या पानांवर बघा. अमेरिकेतल्या शाखांना रंगीत फोटो, पदवी, कंपनी, घरापुढे गाडी. माझे आजोबा, ज्यांनी परळला गिरणीत खात्यात उभं राहून आयुष्य काढलं आणि मग ठाण्यात दोन खोल्या घेतल्या, त्यांच्यापुढे काय लिहिलंय? "मुंबईस नोकरी." गिरणी हा शब्द सुद्धा पेलवला नाही. (आणि आम्हा मुलींची शाखा तर एका ओळीत, कंसात सासरचं आडनाव घालून संपते. त्यावर वेगळी पोस्ट लिहीन, आज एकच भांडण.)

अमेरिकेतल्या भावंडांवर माझा राग नाही. त्यातल्या एकाने नळीत थुंकी भरून कुठल्याशा लॅबला पाठवली, उत्तर आलं दक्षिण आशिया. पैसे घालवून एवढं कळलं. पण त्याची मुलं संमेलनाच्या ग्रुपवर इंग्रजी अक्षरांत 'नमस्कार' लिहितात तर पन्नास बदाम पडतात. हिने देवनागरीत पान भरून पत्र लिहिलं होतं ग्रुपवर. "आदरणीय मंडळी, मी आपली दूरची बहीण" अशी सुरुवात. खाली एका काकांनी अंगठा दाखवला, बाकी शुकशुकाट. तिकडे गणेश चतुर्थीला सरकारी सुट्टी असते, हे तिने त्या पत्रात किती अभिमानाने लिहिलं होतं.

त्या दिवशी आमच्याकडे चहा झाल्यावर तिने मोबाइलवर त्यांच्या मंडळाचा व्हिडिओ दाखवला. बायका-पुरुष गोल धरून नाचतायत, पायात चाळ. म्हणाली, ही आमची झाकरी. बाबा बघतच राहिले. "ही आपली जाखडी ना!" आणि सत्तरी उलटलेल्या माणसाने खुर्चीत बसल्या बसल्या ठेका धरला. तिला जाताना "परत ये गो बाय" म्हणाले. असं ते फक्त आत्याला म्हणायचे.

बाबा गेल्यावर आम्ही नाशिकला गेलो होतो. रामकुंडावर उपाध्यायांनी गाव आणि आडनाव विचारलं, बासन सोडलं, वही काढली. आमच्या घरातून कोण कधी आलं, कोणासाठी आलं, सगळं त्यात. मी त्या धाकट्याचं नाव शोधत होते, आणि शोधता शोधताच कळलं, कसं असेल? जो नाशिकला पोचला त्याची नोंद उपाध्यायांकडे. जो बोटीत चढला त्याची साहेबाकडे. दोन्ही वह्या शेजारी ठेवल्या की मगच घराणं पुरं होतं. एक वही जपायची आणि दुसरीवर हसायचं, हे मला जमणार नाही.

तर मंडळाला जाहीर विनंती. तुमच्या खात्रीचं नसेल तर "संभाव्य शाखा" असा मथळा द्या, बारीक टाइपात द्या, पण परागंदाच्या पुढे त्या रजिस्टरातला नंबर आणि मॉरिशस एवढं छापा. मूळपुरुषांना सरदार ठेवायचं तर ठेवा, त्यांच्यापुढेही "संभाव्य" लिहा म्हणजे झालं. आणि हे जमणार नसेल तर माझी आजीव सभासदत्वाची वर्गणी परत करा, जीपे नंबर खजिनदारांकडे आहे.

ती डिसेंबरात परत येतेय, या वेळी मुलाला घेऊन. मी त्यांना गावी नेणार आहे. गाडीत दोन जागा आहेत, ज्यांना यायचंय त्यांनी इनबॉक्समध्ये कळवा.

ता. क. आत्ताच धाकट्या काकांचा फोन येऊन गेला. "पोस्ट काढ, घरातलं चव्हाट्यावर कशाला," म्हणाले. काढत नाही. मग फोन ठेवता ठेवता विचारलं, डिसेंबरात नक्की कितव्या तारखेला.