फ्रीजात जाऊन आलो

आबांना मी फोटो बघायला बोलावलं नव्हतं. ते शिडी मागायला आले होते.

जून लागला की मासेमारी बंद, पाऊस पडवीच्या पायरीपर्यंत. अशा दिवसांत मालवणात शिडी मागायला आलेला माणूस चहा घेतल्याशिवाय उठत नाही. मी नॉर्वेहून येऊन आठ दिवस झाले होते, मोबाईलमध्ये दोन हजार फोटो, आणि घरात कुणालाच त्यांचं कौतुक नाही. बायको म्हणते, मी तिथेच होते. आईला नेमका तेव्हाच चष्मा सापडत नाही. म्हटलं, आबा तर आबा.

पहिला फोटो लोफोतेन बेटांचा. ध्रुववृत्ताच्याही वर, ६८ अंशांवर. समुद्रातून सरळसोट उठलेले डोंगर, पायथ्याशी लाल लाकडी घरं. आबांनी चष्मा कपाळावर चढवला.

"ह्यां मागे काय सुकत घातल्यानी?"

डोंगर गेले खड्ड्यात! आबांना कोपऱ्यातला मांडव दिसला. कॉड मासा, मी सांगितलं. मुंडकं उडवतात, शेपटीला शेपटी बांधून जोडीजोडीने टांगतात. फेब्रुवारीत चढवलेला मासा उन्हाळा लागेपर्यंत वाऱ्यावर.

"मीठ कितक्या?"

"मीठ नाही लावत."

आबांनी बशी खाली ठेवली. "मीठ नाय? आणि माशयो बसणत नाय?"

"थंडी असते ना. शून्याच्या आसपास. माशाच नसतात."

"म्हणजे गाव नाय तो, फ्रीज आसा. तू फ्रीजात जावन इलंस."

मुंडकी वेगळी वाळवून नायजेरियाला पाठवतात, हेही मी सांगून बसलो. आबा एकदम खूश. "बघ, डोकीपण फुकट जाणत नाय. आणि तुझी बायल बांगड्याची डोकी मांजराक घालता." आत टोप जरा जोरात आपटला.

पुढचा फोटो रस्ता संपतो त्या गावाच्या पाटीचा. गावाचं नाव एकाच अक्षराचं, उच्चार 'ओ'.

"गावाचा नाव ओ? मगे हाक कोणी मारल्यान?"

मग मध्यरात्रीचा सूर्य. त्या एका फोटोसाठी मी दोन तास खडकावर बसलो होतो, बोटं इतकी बधिर की बटण दाबलं की नाही तेही कळत नव्हतं. मेच्या अखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत तो मावळतच नाही, असं मी जरा भारावूनच सांगितलं.

"मगे संकष्टी सोडूची कधी?"

यावर काय बोलणार? मी गप्प बसलो, तेवढ्यात चहाने ओला झालेला अंगठा स्क्रीनवर सरकला. माणसाच्या हातात फोन द्यावा तो एका फोटोपुरता, पण कुणी तिथे थांबत नाही. शिकलेलेही नाहीत. माझ्या ऑफिसातला एक जण असाच सरकत सरकत माझ्या रक्ताच्या रिपोर्टपर्यंत पोचला होता आणि वर साखरेबद्दल सल्लाही देऊन गेला. दोन तासांच्या सूर्याला अर्धा सेकंद, आणि नको तिथे मुक्काम!

आबांचा मुक्काम पडला विमानाच्या तिकिटावर. ज्यांना डोंगर दिसले नाहीत त्यांनी कपाळावरचा चष्मा खाली न घेता एकं, दहं, शतं करत आकडा वाचला. मोठ्याने. समोरच्या पडवीतलं सुपारी कातरणं थांबलं.

त्या नादात शिडी राहिली. ती न्यायला आबा दुसऱ्या दिवशी आले, बगलेत देवळाच्या जीर्णोद्धाराचं पावतीपुस्तक. गेल्या वर्षी मी ५०१ दिले होते. यंदाची पावती घरूनच फाडून आणलेली. नाव माझं, अक्षर आबांचं, आणि पाचाच्या पुढे एक शून्य जास्त.