बायांच्या टेन्शनला हसणाऱ्यांनो

आज चोपड्यात दवाखान्यात नंबर लावून बसले होते. शेजारी एक मावशी, घामाघूम, एका हाताने पाठ दाबत होत्या. कंपाउंडर म्हणतो, "टेन्शन घेऊ नका मावशी, गॅस असेल. बायांचं हे नेहमीचंच." बाकावरचे सगळे हसले. डोकं फिरलं माझं. भांडून त्यांना आधी आत पाठवलं.

मला त्यांच्यात माझी माय दिसली.

वादळात आमची केळी आडवी झाली ती रात्र. घड लागलेले खांब एकावर एक पडलेले. आप्पा बांधावर उभं राहून ओरडले, बीपी चढलं, सगळी गल्ली त्यांच्याभोवती. मायने आल्यागेल्याला चहा केला, मग शेजारच्या काकूंची बाग गेली म्हणून त्यांच्याजवळ जाऊन बसली. बाई खंबीर आहे, म्हणे! तिसऱ्या दिवशी जबडा दुखायला लागला, मळमळ, पाठीत कळ. "काही नही व्हयनं, पोटमा कसंतरी व्हस." डॉक्टरने ॲसिडिटीची गोळी दिली.

जळगावला अँजिओग्राफी केली तर नळ्या स्वच्छ, पण हृदय टोकाशी फुग्यासारखं फुगलेलं. ताकोत्सुबो. जपानी डॉक्टरांनी १९९० मध्ये ऑक्टोपस धरायच्या मडक्यावरून दिलेलं नाव. दहातले नऊ पेशंट बाया, त्यातही बहुतेक पाळी गेलेल्या. धक्क्याने ॲड्रेनलिन उसळतं आणि हृदयाचा स्नायू काही दिवस लुळा पडतो. हा नखरा आहे का?

ताण आला की शरीर लढतं नाहीतर पळतं, हेच आपण शिकलो. २००० साली मानसशास्त्रज्ञ शेली टेलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विचारलं, बाया लेकरं कवटाळतात, एकमेकींना धरून राहतात, त्याचं काय? त्यांनीच मांडलं की १९९५ च्या आधी ताणावरच्या प्रयोगांत बाया जेमतेम १७ टक्के होत्या. माप पुरुषाच्या अंगाचं घेतलं आणि झगा सगळ्यांना चढवला! मायने आरडाओरडा केला नाही, म्हणून तिला काही झालंच नाही असं आम्ही धरलं. आम्ही म्हणजे मीसुद्धा.

सगळ्या बाया सारख्या नसतात, मान्य. पुरुषही सोसतात, आप्पांची बीपीची गोळी तेव्हापासून सुरूच आहे. पण त्यांना कोणी हसलं नव्हतं.

तुमच्या घरातली बाई जबडा, पाठ, दम, मळमळ म्हणाली तर आधी ईसीजी काढा. गॅसचं नंतर बघू.

आत्ता मायला फोन करून सगळं सांगितलं. बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "तिनासंगे कोनी व्हतं का?"

नव्हतं गं माय.