‘मासे सोडा, भाजी तोडा’: अंगणातल्या अ‍ॅक्वापॉनिक्सच्या दाव्यांची झाडाझडती

अ‍ॅक्वापॉनिक्स म्हणजे माशांच्या टाकीतलं पाणी पंपाने वाफ्यात फिरवून त्यावर भाजी पिकवणं. बागकामाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर त्याबद्दलचा एक मजकूर अधूनमधून फिरत असतो. सोबत निळ्या टाकीचा आणि तिच्यावर डुलणाऱ्या पालकाचा फोटो. मजकूर थोडक्यात असा: अंगणात नाहीतर गच्चीवर हजार लिटरची टाकी ठेवा, वर खडीचा वाफा करा, कुठलेही मासे सोडा आणि त्याच दिवशी रोपं लावा. मासे झाडांना खत देतात, झाडं माशांचं पाणी गाळतात. खत नको, औषध नको, पाणी बदलायला नको. महिन्याला वीस हजार घरबसल्या.

यातलं एक वाक्य अर्धं खरं आहे, म्हणून बाकीची खपून जातात. मासे आणि झाडं एकमेकांच्या उपयोगी पडतात खरी, पण थेट नाही. माशांच्या कल्ल्यांतून अमोनिया बाहेर पडतो आणि तो माशांनाच विषारी असतो. जिवाणूंचा एक गट त्याचं नायट्राइट करतो, दुसरा नायट्राइटचं नायट्रेट करतो, आणि झाडं मुख्यतः ते नायट्रेट उचलतात. फॉरवर्डमध्ये टाकी आहे, मासे आहेत, पालक आहे. जिवाणूंचा पत्ताच नाही. बहुतेक थापा याच गाळलेल्या जागेतून निघतात.

पहिली थाप, त्याच दिवशी मासे सोडण्याची. नव्याकोऱ्या खडीवर हे जिवाणू जवळजवळ नसतातच. त्यांची वस्ती जमायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात, थंडीत आणखी जास्त. आधीच मासे सोडले तर पुढचं सगळं ठरलेलं असतं. चार दिवस मासे छान खातात. मग अमोनिया चढतो, खाणं सुटतं आणि सकाळी बघावं तर मासे तोंडं वर काढून धापा टाकतायत. त्यातून जे वाचतात त्यांना नायट्राइट गाठतं. नायट्राइटमुळे रक्त ऑक्सिजन वाहू शकत नाही, लालभडक कल्ले तपकिरी पडतात. दुकानात विचारलं तर ‘मासे कमजोर निघाले, दुसरे घेऊन जा’ हे उत्तर मिळतं, आणि दुसऱ्या लॉटचंही तेच होतं.

करायचं ते उलट आहे. टाकी भरा, पंप चालू करा. नळाचं पाणी असेल तर क्लोरीन उडून जायला एक-दोन दिवस द्या. मग मासे नसताना रोज चिमूटभर माशांचं खाद्य टाकून ते कुजू द्या. कुणाच्या चालू फिशटँकमधला स्पंजचा तुकडा किंवा मूठभर खडी मिळाली तर सोन्याहून पिवळं, कारण त्यावर जिवाणू आयते बसलेले असतात. अ‍ॅक्वेरियमच्या दुकानात मिळणारे तपासणीचे थेंब मात्र घ्याच. नळीतलं पाणी पिवळं राहिलं तर अमोनिया नाही, जितकं हिरवं होईल तितका जास्त. आधी अमोनिया चढून उतरतो, मग नायट्राइट चढून उतरतं. दोन्ही शून्यावर आली आणि नायट्रेट दिसायला लागलं की मासे सोडा, तेही थोडे थोडे. नवख्याने वाढलेल्या माशांचं वजन धरून हजार लिटरला 10 ते 20 किलोच्या वर जाऊ नये. मासे आधीच टाकीत असतील आणि नायट्राइट चढलं असेल, तर लिटरला एक ग्रॅम खडेमीठ विरघळवून टाकल्याने बराच आधार मिळतो, कारण मिठातलं क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून आत शिरू देत नाही.

‘खत नको’ हा दावा ऐकायला सगळ्यांत गोड आहे आणि सगळ्यांत जास्त फसवतो. जगभर ज्या पद्धतीचे दाखले दिले जातात, ती कॅरेबियन समुद्रातल्या सेंट क्रॉय बेटावर, व्हर्जिन आयलंड्स विद्यापीठात जेम्स रॅकोसी यांनी बसवली. तिथेसुद्धा कॅल्शियम, पोटॅशियम आणि लोह बाहेरून द्यावं लागत होतं. माशांचं खाद्य माशांसाठी बनवलेलं असतं, पालकासाठी नाही. त्यातून नत्र भरपूर मिळतं, पण लोह आणि पालाश (पोटॅशियम) पुरत नाहीत. लोह कमी पडलं की कोवळी पानं पिवळी होतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. अशा वेळी बरेच जण आणखी मासे आणतात. नत्र वाढतं, पानं पिवळीच राहतात.

आपल्याकडे हा प्रश्न जास्त बोचतो तो बोअरच्या पाण्यामुळे. दख्खनच्या काळ्या खडकातलं पाणी बऱ्याच ठिकाणी जड असतं आणि त्याचा सामू (पीएच) आठच्या आसपास असतो. इतक्या सामूला कृषी केंद्रातलं साधं ईडीटीए लोह, म्हणजे विरघळलेलं राहावं म्हणून ईडीटीए या रसायनात बांधलेलं लोह, टिकत नाही. फेरस सल्फेट तर पाण्यात गंजासारखं खाली बसतं. तिथे त्याच जातीचं, पण जास्त सामूलाही टिकणारं ईडीडीएचए लोह लागतं. ते महाग आहे, पण लागतंही थोडं. सामू जास्त असण्याचा दुसरा फटका माशांना बसतो. पाणी तितकंच गरम आणि अमोनिया तितकाच असला, तरी सामू 7 वरून 8 वर गेला की त्यातला विषारी भाग साधारण दहापट होतो.

आणि गंमत म्हणजे काही महिन्यांनी गाडी उलट्या दिशेला जाते. जिवाणू काम करताना आम्ल तयार करतात आणि पाण्याची ते पचवायची ताकद संपत जाते, सामू घसरतो. तो सहाच्या खाली गेला की तेच जिवाणू मंदावतात. तेव्हा शिंपल्यांची पुरचुंडी पाण्यात सोडली तर हळूहळू सावरतं. खडी आणतानाही दोन खडे व्हिनेगरमध्ये टाकून बघा. बुडबुडे आले तर त्यात चुना आहे, आणि तो तुमचा सामू कधीच खाली येऊ देणार नाही.

पाणी कमी लागतं, हे मान्य. मातीतल्या शेतीच्या मानाने खूपच कमी. पण रोज साधारण एक ते तीन टक्के पाणी उडून आणि झाडांतून जातं, म्हणजे हजार लिटरला 10 ते 30 लिटरची भर घालायची. जड पाण्याची भर घालत राहिलं की क्षार साठत जातात, तेव्हा मधूनमधून थोडं पाणी काढावंच लागतं. तळाचा गाळही आपोआप नाहीसा होत नाही.

‘औषध नको’ म्हणण्यापेक्षा औषध चालतच नाही असं म्हणा. पालकावर मावा पडला तर तो याला टाकी आहे म्हणून सोडत नाही. आणि तुम्ही फवारलेलं सगळं खाली माशांच्या पाण्यात उतरतं. बुरशीवर फवारतात त्या बोर्डो मिश्रणातलं तांबं माशांना घातक, पायरेथ्रिनची कीटकनाशकं अतिघातक. सेंद्रिय म्हणून निर्धास्तपणे फवारलेलं निंबोळीचं औषधही माशांना निरुपद्रवी नाही. उरतं ते साध्या पाण्याचा जोराचा फवारा, पिवळे चिकट सापळे, जाळी आणि किडलेलं पान वेळेवर खुडणं. अंगणात हे जमतं. रोज सकाळी पानं उलटून बघायची तयारी हवी, इतकंच.

‘कुठलेही मासे’ यात कायदाही आडवा येतो. थाई मांगूर पाळायला देशात बंदी आहे. तिलापिया, म्हणजे उजनीकाठी ज्याला चिलापी म्हणतात तो, धरणात मुबलक सापडत असला तरी त्याच्या पालनाला मत्स्यव्यवसाय विभागाची परवानगी लागते. रोहू-कटला तळ्याचे मासे, हजार लिटरमध्ये त्यांची वाढच होत नाही. पहिल्या वर्षी गोल्डफिश किंवा कोई ठेवावेत असं माझं स्पष्ट मत आहे. ताटात येणार नाहीत, पण नत्र तेवढंच देतात आणि चटकन मरत नाहीत. गच्चीवाल्यांनी आणखी एक ध्यानात घ्यावं: हजार लिटर पाणी म्हणजे एक टन, खडीचं वजन वेगळं. आधी इंजिनिअरला विचारा.

आता वीस हजार. टाकीवर तीन चौरस मीटर पालेभाजी धरली तर तिला दर चौरस मीटरमागे दिवसाला 40 ते 50 ग्रॅम माशांचं खाद्य लागतं, म्हणजे महिन्याला चार किलोच्या आसपास. दीड किलो खाद्याला एक किलो मासा धरला तर पावणेतीन किलो वाढ. किलोला 200 रुपये धरा, 550 झाले. पालकाच्या सढळ हाताने 80 जुड्या धरू, जुडी 20 रुपयांना, 1600 झाले. एकूण जेमतेम 2150. यातून खाद्य, लोह आणि वीज जायची. 40 वॅटचा पंप आणि 20 वॅटचा एअर पंप दिवसरात्र चालले तर महिन्याला 43 युनिट होतात. वीस हजार कुणाला मिळत असतीलच तर ते प्रशिक्षणाची फी घेणाऱ्याला.

काटकसर करायचीच असेल तर टाकी जुनी घ्या, फक्त तिच्यात आधी रसायन नव्हतं याची खात्री करून. बॅटरीवर चालणारा एअर पंप मात्र टाळू नका. तीस अंशांच्या पाण्यात ऑक्सिजन मावतोच लिटरला साडेसात मिलिग्रॅमच्या आसपास, आणि माशांना पाचच्या वर हवा असतो. मे महिन्यात रात्री लाईट गेली की मासे आणि जिवाणू दोघेही त्याच ऑक्सिजनवर तुटून पडतात. गच्च भरलेल्या टाकीला त्यानंतर तास-दोन तासच मिळतात.