‘मेम्प्सिमोइरोस’: तक्रार करणारा तो हा नव्हे

सध्या फिरणारा दावा असा: ‘ग्रीक बायबलमध्ये तक्रारखोराला मेम्प्सिमोइरोस म्हणतात. मेम्फोमाइ म्हणजे दोष देणे, मोइरा म्हणजे नियती. नियती देवाच्या हाती, म्हणून तक्रार म्हणजे देवालाच दोष. नवा करार हे जागोजागी बजावतो. गोंगुस्मोस हाही त्याचाच प्रतिशब्द.’

शब्दाची फोड बरोबर आहे. पुढे गाडी घसरते.

‘जागोजागी’? नव्या करारात हा शब्द एकदाच येतो, यहूदाच्या पत्राच्या 16व्या वचनात. तिथला रोखही ख्रिस्ती मंडळीत शिरून फायद्यासाठी खुशामत करणाऱ्यांवर आहे.

‘मोइरा म्हणजे नियती’ हे अर्धंच. मोइरा म्हणजे आधी वाटा, मग वाट्याला आलेलं नशीब. शिवाय अर्थ धातूवरून नाही, वापरावरून ठरतो. वापर पाहायचा तर ॲरिस्टॉटलचा शिष्य थिओफ्रास्टस याने इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात रेखाटलेल्या स्वभावचित्रांपैकी 17वं, मेम्प्सिमोइरोसचं, पाहावं. मित्राने मेजवानीतला वाटा घरी पाठवला, तर हा आणणाऱ्यालाच सुनावतो: रस्सा आणि वाइन पाजायला त्याच्या जिवावर आलं, म्हणून मला बोलावलं नाही. पाऊस पडला तर पाऊस पाडणाऱ्या झेउस देवावर राग, कारण आधी का नाही पडला! रस्त्यात पैशांची थैली सापडली, तर ‘गुप्तधन मात्र कधी सापडलं नाही’. मुलगा झाल्याची बातमी आणणाऱ्याला म्हणतो, ‘अर्धी इस्टेट गेली, हेही सांग ना.’ प्रत्येक प्रसंगात त्याच्या पदरात काहीतरी पडलेलंच आहे. नाडलेला माणूस तो हा नव्हे.

गोंगुस्मोस वेगळा. तो आपल्या ‘कुरकुर’सारखा ध्वनीवरून घडलेला, दबक्या आवाजाचा शब्द. योहान 7:12 मध्ये येशूला ‘भला माणूस’ म्हणणाऱ्यांचं बोलणंही गोंगुस्मोसच आहे. उघड बोलायची भीती होती. तिथे ‘कुजबूज’च शोभते.

कुरकुरीचा निषेध प्रेषित पौल करतो, हे खरं (1 करिंथ 10:10). पण तो उदाहरण देतो वाळवंटातल्या इस्राएलांचं, आणि गणना 14 मध्ये ते, देवाने जिथून सोडवलं त्याच मिसरला (इजिप्तला) परत जायची भाषा करत होते. उलट प्रेषितांची कृत्ये 6:1 पाहा: रोजच्या वाटपात आपल्या विधवांकडे दुर्लक्ष होतं, अशी ग्रीक बोलणाऱ्या यहूदी विश्वासणाऱ्यांची कुरकुर. शब्द गोंगुस्मोसच. प्रेषितांनी दटावलं नाही. त्या कामासाठी सात जण निवडायला सांगितले.

मेम्फोमाइच्याच धातूचा ‘मोम्फे’ कलस्सै 3:13 मध्ये येतो. एकाचं दुसऱ्याविरुद्ध गाऱ्हाणं असू शकतं, हे पौल तिथे गृहीतच धरतो आणि क्षमा करायला सांगतो. स्तोत्र 142 मध्ये तर गाऱ्हाणं थेट देवापुढे ओतलं आहे. सेप्टुअजिंटच्या, म्हणजे जुन्या कराराच्या प्राचीन ग्रीक भाषांतराच्या, भाषांतरकारांनी तिथे गोंगुस्मोस वापरला नाही. ‘देएसिस’, म्हणजे विनवणी, हा शब्द घातला.